मंदावणारा दिवा आणि जुनी मोटारसायकल : चार्जिंगचा दोष नेमका शोधायचा कसा?

वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या घरी मोटारसायकल ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील गावांत पंधरा-वीस वर्षांच्या गाड्या आजही रोज रस्त्यावर असतात. एमएच-२७ आणि एमएच-३० या क्रमांकांच्या कितीतरी स्प्लेंडर, सीडी-१००, बॉक्सर, तर कुठे एखादी राजदूत किंवा बुलेट दिवसा बाजारहाट करते आणि रात्री मालकाला ओलितासाठी शेतात नेते. कृषिपंपांना आठवड्यातील काही दिवस रात्रीची वीज देण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली. त्यामुळे हरभरा आणि गहू ओलवण्यासाठी मध्यरात्री घराबाहेर पडणे अनेकांना चुकले नाही. अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा सलग टाकण्याचा जागतिक विक्रम नोंदवला गेला. महामार्ग सुधारला, पण शेताकडे जाणाऱ्या पांदणीवर उजेड असतो तो केवळ गाडीच्या दिव्याचा. रोही किंवा रानडुक्कर आडवे आले, तर ते दहा पावलांवर दिसते की पन्नास, यावर बरेच काही अवलंबून असते.

असा दिवा मंदावू लागला, हॉर्न घोगरा झाला किंवा इंडिकेटरची उघडझाप थांबली, की बहुतेक वाहनधारक थेट बॅटरीच्या दुकानाची वाट धरतात. नवी बॅटरी बसते, महिना-दोन महिने बरे जातात आणि दुखणे पुन्हा उद्भवते. कारण उघड आहे. बॅटरी वीज तयार करीत नाही, ती फक्त साठवते. तिच्यापर्यंत वीज पोहोचतच नसेल, किंवा आलेली वीज कुठेतरी झिरपून जात असेल, तर नवी बॅटरीही जुनीच्याच वाटेने जाणार. म्हणून आधी तपासणी आणि मग खरेदी, हा क्रम पाळणे हिताचे ठरते. त्यासाठी काही शे रुपयांत मिळणारा एक मल्टिमीटर, पाने-पेचकस आणि थोडा धीर एवढे साहित्य पुरते.

वीज कुठे तयार होते?

तारेच्या वेटोळ्याजवळून चुंबक फिरवला, की तारेत विद्युतप्रवाह निर्माण होतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या या तत्त्वावरच मोटारसायकलचे चार्जिंग चालते. इंजिनाच्या दांड्यावर बसवलेले चुंबकाचे चाक, म्हणजे कारागिरांच्या भाषेत 'मॅग्नेट', फिरते. त्याच्या आत कॉईल प्लेट स्थिर असते. कॉईलमधून निघणारी वीज एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी असते. बॅटरीला मात्र एकाच दिशेची डीसी वीज लागते. हा पालट रेक्टिफायर करतो. इंजिनाची गती वाढली की व्होल्टेजही वाढते. ते मर्यादेत ठेवण्याचे काम रेग्युलेटरचे. बहुतेक गाड्यांत ही दोन्ही कामे एकाच डबीत होतात. तिलाच गॅरेजमध्ये 'आरआर युनिट' म्हणतात. कॉईल प्लेट, आरआर युनिट, बॅटरी आणि या तिघांना जोडणाऱ्या तारा अशी ही चौकडी असून दोष यांपैकीच कुठेतरी असतो.

गाडीची जात आधी ओळखावी

सर्व जुन्या गाड्यांना एकच नियम लावता येत नाही. पोलंडच्या एसएचएल गाडीवर आधारलेली एस्कॉर्ट्सची राजदूत १७५ ही ६ व्होल्टची गाडी होती. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीच्या सुरुवातीच्या जावा आणि येझदी गाड्यांत ६ व्होल्टचा डायनॅमो असे. त्यात कार्बन ब्रश असतात आणि ते झिजतात. अशा गाडीत पहिली नजर ब्रशवरच टाकावी लागते. पॉइंटवर चालणाऱ्या जुन्या बुलेटमध्ये ठिणगीसाठीही बॅटरीची वीज लागते. त्यामुळे बॅटरी बसली की गाडीही बसते. या बुलेटच्या हेडलाइटजवळचा अँपिअर मीटर फार उपयोगाचा असतो. रेस वाढवूनही त्याचा काटा उणे बाजूलाच राहिला, तर चार्जिंग होत नाही हे धावत्या गाडीवरच कळते.

१९८५ मध्ये आलेली हीरो होंडा सीडी-१०० आणि १९९४ मधील स्प्लेंडर यांची रचना निराळी. या गाड्यांच्या जुन्या, केवळ किकवर सुरू होणाऱ्या आवृत्त्यांत ठिणगीची वीज कॉईल प्लेटवरील स्वतंत्र वेटोळ्यातून थेट सीडीआय युनिटला मिळते. हेडलाइटही मॅग्नेटच्या एसी विजेवर जळतो, म्हणूनच रेस दिली की तो उजळतो. बॅटरीकडे हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकचा दिवा एवढीच कामे उरतात. बॅटरी पूर्ण मेली तरी गाडी एका किकमध्ये सुरू होते आणि मालक महिनोन्‌महिने बेफिकीर राहतो. मागून येणाऱ्या ट्रकचालकाला ब्रेकचा दिवा दिसत नाही, हे त्याच्या ध्यानीही येत नाही.

या रचनेतूनच निदानाचा पहिला धागा हाती येतो. हेडलाइट चांगला असून हॉर्न व इंडिकेटर मंद असतील, तर दोष बॅटरीत किंवा चार्जिंगच्या वाटेवर असतो. हॉर्न खणखणीत, पण हेडलाइट मंद असेल, तर बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही. तेथे दिव्याचे वेटोळे, स्विच, होल्डर आणि अर्थिंग पाहावे. दोन्ही मंद असतील, तर कॉईल प्लेट, आरआर युनिट किंवा दोघांची सामाईक अर्थिंगची तार यांच्यावर संशय घ्यावा.

पहिली पायरी : बॅटरीची खरी अवस्था

गाडी दोन-तीन तास बंद ठेवून मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर लावावा आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांना त्याच्या सळ्या टेकवाव्यात. १२ व्होल्टच्या बॅटरीत १२.६ किंवा अधिक आकडा आला, तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. आकडा १०.५ च्या आसपास अडून राहिला, तर सहा कप्प्यांपैकी एक निकामी झाल्याची शक्यता मोठी असते, कारण प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्ट देतो. ६ व्होल्टच्या बॅटरीत तीनच कप्पे असतात. तेथे ६.३ म्हणजे पूर्ण भरलेली, असे समजावे.

केवळ व्होल्टेजवर विसंबून मात्र चालत नाही. जीर्ण बॅटरीही भार नसताना चांगला आकडा दाखवते. म्हणून मीटर लावलेला असतानाच ब्रेक दाबून एका बाजूचे इंडिकेटर सुरू करावेत. एका मिनिटात आकडा ११ च्या खाली घसरला, तर बॅटरी रिकामी आहे किंवा तिची साठवणक्षमता संपली आहे. यातले नेमके काय, हे बाहेरून चार्ज केल्यावर ठरते. २.५ अँपिअर-तासाच्या लहान बॅटरीला सुमारे पाव अँपिअरने दहा-बारा तास चार्ज करावे. ट्रॅक्टरच्या बॅटरीसाठीच्या चार्जरवर ती घाईने चढवली, तर आतील पट्ट्या वाकतात. चार्ज करून एक रात्र ठेवल्यावरही व्होल्टेज टिकत नसेल, तरच बॅटरी बदलण्याचा निर्णय घ्यावा. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा जवळपास विडी-काडी किंवा ठिणगी नसावी. आम्ल अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवावे. खोक्यावर सांडलेले आम्ल खाण्याच्या सोड्याने निवते.

खारपाणपट्ट्याचा धोका

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा वऱ्हाडाला नवा नाही. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांच्या मोठ्या भागात भूजल खारे आहे. हेच पाणी बॅटरीत ओतले गेले, तर त्यातील क्षार शिशाच्या पट्ट्यांवर दुष्परिणाम करतात आणि बॅटरी अकाली मरते. उन्हाळ्यात वऱ्हाडाचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, बॅटरीतील पाणी झपाट्याने उडते आणि हाताशी असेल ते पाणी घालण्याचा मोह होतो. तो टाळावा. घागरीतले, बोअरचे किंवा नळाचे कोणतेही पाणी बॅटरीला चालत नाही. डिस्टिल्ड वॉटरच हवे. पातळी खालच्या आणि वरच्या रेषांच्या मध्ये ठेवावी. पाणी उडते तसे आम्ल उडत नाही, म्हणून भर घालताना आम्ल कधीही ओतू नये. उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा पातळी पाहण्याची सवय बॅटरीचे आयुष्य वाढवते.

दुसरी पायरी : चालू इंजिनावरील आकडा

बॅटरी भरलेली आहे याची खात्री झाल्यावरच पुढील चाचणी करावी. अर्धवट बॅटरीवर घेतलेला आकडा फसवतो. मीटर बॅटरीवर लावून गाडी सुरू करावी आणि हळूहळू रेस वाढवावी. मध्यम रेसवर आकडा साधारण १३.५ ते १४.५ च्या दरम्यान पोहोचला, तर चार्जिंग नीट आहे. ६ व्होल्टच्या गाडीत तो साधारण ७ च्या आसपास दिसावा.

आकडा १२.६ वरच थबकला किंवा खाली सरकू लागला, तर वीज बॅटरीपर्यंत येत नाही. आकडा १५ च्या पलीकडे गेला, तर रेग्युलेटर व्होल्टेज आवरत नाही. अशा गाडीत बॅटरीचे पाणी वारंवार कमी होते, टोकांवर पांढरी बुरशी जमते आणि बल्ब सारखे उडतात. बल्ब उडण्याचे खापर खराब रस्त्यांवर फुटते, पण दोष बहुधा रेग्युलेटरमध्ये किंवा त्याच्या सुटलेल्या अर्थिंगमध्ये असतो.

चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून 'गाडी बंद पडते का' हे पाहण्याची जुनी रीत अनेक ठिकाणी दिसते. ती घातक आहे. बॅटरी व्होल्टेजचे धक्के झेलते. तिला अचानक दूर केले की तो धक्का आरआर युनिट, सीडीआय आणि बल्ब यांना बसतो. एका फुकटच्या चाचणीपायी मोठा खर्च ओढवतो.

तिसरी पायरी : तारा, कपलर आणि अर्थिंग

चार्जिंग होत नसल्याचे दिसले, की लगेच कॉईल प्लेट उघडण्याचे कारण नाही. जुन्या गाडीत दोष तारांच्या सांध्यात सापडण्याचा संभव पुष्कळ असतो. प्रथम फ्यूज पाहावा. काचेचा फ्यूज डोळ्यांना शाबूत दिसूनही त्याच्या टोपीशी तुटलेला असू शकतो, म्हणून मीटरने तपासावा. नंतर आरआर युनिटचा कपलर सोडवून पाहावा. प्लास्टिक पिवळे पडले किंवा वितळले असेल, आतील पिना हिरव्या-काळ्या झाल्या असतील, तर गुन्हेगार सापडला असे समजावे. गंजलेला सांधा विजेला अडवतो, अडलेली वीज उष्णता निर्माण करते आणि त्या उष्णतेने सांधा आणखी बिघडतो. वॉशिंग सेंटरवर जोराच्या फवाऱ्याने धुतलेल्या गाडीत पाणी याच कपलरांत शिरते. खाऱ्या पाण्याने धुतलेल्या गाडीत गंज अधिक लवकर चढतो.

सांध्यातील अडथळा मोजण्याची सोपी युक्ती आहे. गाडी सुरू करून मध्यम रेसवर ठेवावी. मीटरची एक सळी आरआर युनिटच्या बॅटरीकडे जाणाऱ्या तारेवर आणि दुसरी बॅटरीच्या धन टोकावर टेकवावी. तार व सांधे चांगले असतील तर फरक ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आतच राहतो. फरक एक व्होल्ट किंवा अधिक आला, तर तेवढे व्होल्टेज वाटेतच खर्ची पडते आहे. हीच चाचणी आरआर युनिटची अर्थिंग तार आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये करावी. होंडा पद्धतीच्या वायरिंगमध्ये साधारणपणे हिरवी तार अर्थिंगची आणि तांबडी बॅटरीची असते. अर्थिंगचा नट सोडून चेसीवरील रंग व गंज पॉलिश पेपरने खरवडावा आणि थिंबल घट्ट बसवावे. एवढ्यानेच अनेक गाड्यांचे दुखणे बरे होते आणि खर्च जवळपास शून्य येतो.

चौथी पायरी : कॉईल प्लेट

सांधे स्वच्छ असूनही आकडा वाढत नसेल, तर कॉईल तपासावी. इंजिन बंद करून कॉईलचा कपलर सोडवावा आणि मीटर सर्वांत कमी ओहमच्या घरात ठेवावा. चार्जिंगच्या वेटोळ्याचा रोध बहुतेक गाड्यांत एक ओहमच्या आगेमागे, म्हणजे अगदी थोडा असतो. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. मीटरच्या सळ्या एकमेकींना टेकवल्यावर दिसणारा आकडा त्यातून वजा करावा. मीटरने अनंत दाखवले, तर वेटोळे तुटले आहे.

येथे एक खबरदारी हवी. तीन तारांच्या अल्टरनेटरमध्ये वेटोळे आणि चेसी यांचा संबंध अजिबात नसावा. असल्यास कॉईल जळालेली आहे. परंतु राजदूत किंवा जुन्या स्प्लेंडरसारख्या साध्या रचनेत वेटोळ्याचे एक टोक मुळातच चेसीला जोडलेले असते. तेथे हाच नियम लावला, तर चांगली कॉईल बाद ठरते.

यानंतर कपलर सुटाच ठेवून गाडी सुरू करावी आणि मीटर एसी व्होल्टवर लावावा. रेसबरोबर व्होल्टेज ठळकपणे चढले पाहिजे. ते थोड्याच व्होल्टवर अडकून राहत असेल, तर वेटोळ्यातील थर आपसांत चिकटले आहेत किंवा चुंबक क्षीण झाला आहे. काही कॉईल थंडीत उत्तम चालतात आणि तापल्यावर दगा देतात. म्हणून ही चाचणी सकाळी एकदा आणि वीस-तीस मिनिटे गाडी चालवल्यावर पुन्हा करावी. 'घरून निघताना दिवा चांगला, गाव येईपर्यंत मंद' या तक्रारीचे मूळ बरेचदा येथे असते.

पाचवी पायरी : आरआर युनिट

बॅटरी, सांधे आणि कॉईल तिन्ही निर्दोष ठरल्यावर संशयाची सुई आपोआप आरआर युनिटकडे वळते. सुट्या रेक्टिफायरच्या डायोडमधून वीज एकाच दिशेने जाते. मल्टिमीटरच्या डायोड खुणेवर एका दिशेने साधारण ०.५ ते ०.७ असा आकडा आणि सळ्या उलटवल्यावर काहीच नाही, असे दिसले तर तो चांगला. दोन्हीकडे आकडा आला किंवा दोन्हीकडे काहीच आले नाही, तर निकामी. एकत्रित डबीत ही चाचणी नेहमीच निर्णायक ठरत नाही. त्याच मॉडेलच्या चांगल्या गाडीतील युनिट काही मिनिटे लावून पाहणे, हा सर्वांत खात्रीचा मार्ग. जुन्या गाड्यांचे रेग्युलेटर जादा वीज चेसीकडे वळवतात आणि या कामात स्वतः तापतात. त्यांना वाऱ्याची गरज असते. त्यावर चिखलाचा थर साचला किंवा कापडी पिशवी, पोते कायम टेकून राहिले, तर वैशाखातल्या उन्हात युनिट जळायला वेळ लागत नाही.

बंद गाडीतील चोरी

चार्जिंग उत्तम असूनही दोन दिवस उभी राहिलेली गाडी मुकी होत असेल, तर वीज झिरपते आहे. किल्ली बंद करून बॅटरीची ऋण तार काढावी आणि ती तार व टोक यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर जोडावा. मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवू नये किंवा हॉर्न दाबू नये, मीटरचा फ्यूज उडतो. घड्याळ वा अलार्म नसलेल्या जुन्या गाडीत आकडा जवळजवळ शून्य हवा. ५० मिलिअँपिअर एवढी किरकोळ गळतीही दिवसाला १.२ अँपिअर-तास खाते. म्हणजे २.५ अँपिअर-तासाची भरलेली बॅटरी दोन दिवसांत संपते. अशा वेळी आरआर युनिटचा कपलर, मग एकेक तार सोडवत जावे. जिथे आकडा शून्यावर येतो, तिथे चोर असतो. मोबाइल चार्जरची जोडणी, नंतर बसवलेले दिवे आणि घासलेल्या तारा ही नेहमीची ठिकाणे होत.

उजेडाची हाव आणि गणित

अंधार भेदण्यासाठी ३५ वॅटच्या जागी १०० वॅटचा हॅलोजन लावण्याची हौस महाग पडते. १२ व्होल्टवर ३५ वॅटच्या बल्बला सुमारे २.९ अँपिअर, तर १०० वॅटच्या बल्बला ८.३ अँपिअर लागतात. लहान गाडीची कॉईल एवढे देऊ शकत नाही. परिणामी दिवा पिवळाच जळतो, होल्डर वितळतो आणि तारा कडक होतात. त्यापेक्षा काचेच्या आतील चकाकी गेलेला रिफ्लेक्टर बदलणे आणि दिव्याचा झोत नीट बसवणे अधिक फलदायी ठरते. एलईडी बल्ब कमी वीज घेतो, परंतु बहुतेक एलईडी बल्बांना डीसी वीज लागते. एसी हेडलाइटच्या गाडीत तो तसाच लावला, तर फडफडतो किंवा जळतो.

खर्चाचा क्रम

या सर्व पायऱ्यांचा क्रम मुद्दाम स्वस्तापासून महागाकडे जाणारा आहे. पाण्याची पातळी, टोकांची सफाई, फ्यूज, कपलर, अर्थिंग ही कामे घरच्या अंगणात होतात. कॉईल प्लेट बदलणे किंवा ती पुन्हा गुंडाळून घेणे मात्र अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच सोपवावे. त्याच्याकडे जाताना बंद गाडीचा, भाराखालचा आणि चालू इंजिनावरचा असे तीन आकडे कागदावर लिहून न्यावेत. नेमकी माहिती मिळाली, की चांगल्या कारागिराचा वेळ वाचतो आणि अनावश्यक सुटे भाग गळ्यात पडत नाहीत. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या गाडीची नोंदणी नूतनीकरणासाठी आरटीओकडे न्यावी लागते. तेथेही दिवे आणि हॉर्न पाहिले जातात.

बॅटरी खरोखरच संपली असेल, तर जुनी बॅटरी उकिरड्यावर किंवा विहिरीजवळ फेकू नये. तिच्यातील शिसे आणि आम्ल जमिनीत व पाण्यात उतरते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांवर प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदाराला जुनी बॅटरी दिल्यास नव्या बॅटरीच्या किमतीत बहुधा सूटही मिळते.

ओलिताचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, एकदा ही तपासणी उरकली तर थंडीच्या रात्री निर्धास्त जातात. अर्ध्या तासाचे हे काम आहे. पांदणीवर रोही आडवे येण्याआधीच ते झालेले बरे.